मामांच्या गळ्यासाठी

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून मामा कुठल्याही दारात आले की आधी खाकरायचे. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्याबाई म्हणतात. आधी एक खाकरणं, मग दोन पावलांची उसंत, मग मामा. त्या उसंतीत मी पदर सावरायचा, पाय आवरायचे, तोंडातला घास गिळायचा. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्याच दिवशी ओसरीवरून आवाज आला, आत्याबाईंनी माझ्या डोक्याकडं पाहिलं आणि मला कळलं.

एकोणीस वर्षांत मामा माझ्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं हो, पद्धत होती. फर्दापूरच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथं सगळ्याच घरांत थोड्याफार फरकानं हेच. मी वाढायला दोन हात अंतरावर उभी असायचे आणि मामा आत्याबाईंना म्हणायचे, "तिला म्हणावं, कालवणात मीठ कमी हाय." आत्याबाई माझ्याकडं बघायच्या. मी म्हणायचे, "त्यांना म्हणावं, वरून घ्या." मीठ मामांच्या ताटाशेजारीच असायचं. मला हसू आवरायचं नाही आणि आत्याबाई मला डोळे दाखवायच्या.

पण माणूस सोन्यासारखा. लग्नानंतर मला बी.एड. करायचं होतं आणि घरात कुणाला ते पटत नव्हतं. तेव्हा मामांचा निरोप आत्याबाईंच्या तोंडून आला, "तिला म्हणावं, शिक." एवढंच. पुढं वर्षभर दर सोमवारी पहाटे ते माझी बॅग घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत यायचे, माझ्यापुढं दहा पावलं. बॅग पारावर ठेवायचे, बस आली की खाकरायचे आणि परत फिरायचे. आज मी छावणीतल्या एका शाळेत गणित शिकवते ते त्या दहा पावलांमुळं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगणार कसं? मध्ये आत्याबाई असायच्या आणि असलं काही त्यांच्यामार्फत सांगायला मला लाज वाटायची.

मागल्या दिवाळीच्या आधी आत्याबाई गेल्या. माझ्या नवऱ्यानं मामांना गावात एकटं ठेवायला नकार दिला आणि सिडकोतल्या आमच्या घरी आणलं. मामा "थंडीपुरतं येतो" म्हणून आले. घर ते केवढं! एक हॉल, त्याला लागून बिनदाराचं स्वयंपाकघर आणि एक बेडरूम. मामांची कॉट हॉलमध्ये. नवरा वाळूजच्या कंपनीत. पहिल्या पाळीची बस पकडायला पावणेसहाला घराबाहेर. मग घरात मी आणि मामा, आणि आमच्यात निरोप पोचवणारं कुणीच नाही.

मामांनी त्यावर तोड काढली. ते वस्तूंशी बोलायला लागले. कुकरकडं बघून म्हणायचे, "तीन शिट्ट्या झाल्या वाटतं." चपला घालताना दाराला सांगायचे, "जरा पाय मोकळे करून येतो." मग मीही गॅसच्या शेगडीला सांगायचे, "बाहेर गार आहे, लवकर यावं." असा आमचा संसार चालला होता आणि मला त्यात मजा वाटत होती. मजा वाटत होती म्हणूनच पुढची चूक माझ्या हातून झाली.

डिसेंबर लागला आणि मामांचं खाकरणं वाढलं. मला वाटलं, साहजिक आहे. गावाकडं घर ऐसपैस, इथं उठलं की दार आणि बसलं की दार, बिचाऱ्यांना पावलोपावली खाकरावं लागतं. प्रत्येक वेळी मी ओढणी नीट करायची. पोळ्या लाटताना, वह्या तपासताना, पीठ चाळताना. एकदा तर वैतागून मी नवऱ्याला म्हटलं, "मामांना सांगा ना, इथं एवढं पाळलं नाही तरी चालतं." तो हसला. म्हणाला, "त्यांची सवय आहे ती. राहू दे."

एका रविवारी मामा बाल्कनीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. ते खाकरले. मी ओढणी सारखी केली आणि वाट पाहिली. कुणी आलं नाही. पुन्हा खाकरले, पुन्हा कुणी आलं नाही. मी जाऊन पाहिलं तर मामा कठडा धरून वाकले होते, शेंगा सगळ्या बाल्कनीभर पसरल्या होत्या आणि त्यांचा चेहरा काळानिळा पडला होता.

डॉक्टरांनी मला विचारलं, "किती दिवसांपासून खोकला आहे?"

मी म्हटलं, "खोकला नाही डॉक्टर, ते खाकरतात."

डॉक्टरांनी मामांच्या पाठीला नळी लावली, दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, छाती भरलीय. तीनएक आठवडे तरी झाले असतील. अजून आठ दिवस काढले असते तर ॲडमिट करावं लागलं असतं."

रिक्षात मामा एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला. आधी मला त्यांचाच राग आला. तोंड उघडून सांगायला काय झालं होतं? मग कळलं, त्यांनी कुणाला सांगायचं होतं? कुकरला? मुलगा दमून यायचा, त्याला त्रास नको. आणि सुनेला सांगायची वाट त्यांना माहीतच नव्हती. तीन आठवडे तो माणूस माझ्यापासून चार पावलांवर खोकत होता आणि मी ओढणी सारखी करत होते. तोंडाला बांधलेल्या स्कार्फच्या आत मी रडले. स्कार्फचा तो एक फायदा असतो, रस्त्यात रडलं तरी कुणाला कळत नाही.

त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं ते एवढंच: पुन्हा कधी या माणसाला बरं वाटलं नाही, तर ते त्यानं मला सांगितलं पाहिजे. मला, माझ्या तोंडावर.

पण हे काही बाजारात मिळत नाही. बाजारात मफलर मिळतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळी फिरायला जायचंच असेल तर गळा-कान झाकून. मामा फिरणं सोडायला तयार नव्हते. बागेत लिंबाखालच्या बाकावर त्यांच्या वयाची चार माणसं जमायची. नवऱ्यानं मफलर आणला. चालून अंगात गरमी आली की मामा तो काढून बाकावर ठेवायचे आणि तिथंच विसरून यायचे. चार दिवसांत दोन मफलर गेले.

शाळेत आमच्या हिंदीच्या मॅडम आहेत, कुमाऊंकडच्या. त्यांचे मिस्टर फौजेत, म्हणून इकडं. ऑफ तासाला त्यांच्या मांडीवर कायम विणकाम असतं, बघायचं सुद्धा नाही, बोलता बोलता बोटं चालू. त्यांना मी मफलरची कथा सांगितली. त्या म्हणाल्या, "नेक वॉर्मर बना दो ना. गोल होता है, सिर से पहनते हैं. गिरेगा भी नहीं, छूटेगा भी नहीं."

"मला विणता येत नाही," मी म्हटलं.

"तो क्या हुआ, मैं सिखा दूँगी."

त्याच संध्याकाळी स्कूटी गुलमंडीच्या बाजाराकडं वळवली. दुकानदारानं लोकरीचे गुलाबी-पिवळे गुंडे समोर मांडले. "बच्चे के वास्ते?" आमच्या शहरात लोकर फक्त बाळांसाठी विकत घेतात. मी म्हटलं, "सासऱ्यांसाठी." त्यानं मान वर करून मला एकदा नीट पाहिलं, गुलाबी-पिवळे आत ठेवले आणि राखाडी काढली. त्यानं हसू दाबलं, हे मला दिसलं.

आणि मग माझी जी काही फजिती सुरू झाली! मी सतरा वर्षं मुलांना आकडे शिकवते. सत्तर टाके सुईवर घालायचे, दोन सुलट, दोन उलट, शेवटपर्यंत सत्तरच राहिले पाहिजेत. दुसऱ्या ओळीला माझे चौऱ्याहत्तर झाले. सहाव्या ओळीला सहासष्ट. चार बोटं विणून झाल्यावर जे हातात आलं तो उत्तम समलंब चौकोन होता, फळ्यावर चिकटवून शिकवता आला असता. हिंदीच्या मॅडमनी तो हातात घेतला, खेचून पाहिला, तो ढिम्म हलला नाही. त्या म्हणाल्या, "मैडम, धागे को इतना कस के मत पकड़ो. भाग थोड़े ही रहा है."

माझा हातच घट्ट. कणीक मळते तीही घट्ट, वेणी घालते तीही घट्ट. स्वभावाचं तर नवऱ्याला विचारा. त्याला हे सगळं फार गमतीचं वाटत होतं. "दादांसाठी गळपट्टा चाललाय का?" म्हणून विचारायचा; मामांना तो दादा म्हणतो. मी त्याला सुईचं टोक दाखवायची.

तीनदा उसवलं. रविवारी दुपारी बाल्कनीत बसून तिसऱ्यांदा उसवत होते, तेव्हा मामा खाकरले आणि येऊन समोरच्या स्टुलावर बसले. थोडा वेळ बघत राहिले. मग उसवलेला धागा हातात घेऊन बोटांत चोळला आणि लोकरीच्या गुंड्याला म्हणाले, "ह्यात मेंढी कुठं दिसत नाय."

मी गुंड्याला म्हटलं, "हल्ली असलीच मिळते."

"घोंगडीची लोकर येगळी," मामांनी गुंड्याला समजावलं. मग काही न बोलता त्यांनी उसवलेला सगळा धागा गुंडाळायला घेतला. आयुष्यभर अंबाडीचे दोर वळलेले हात ते. कुठं गाठ नाही की गुंता नाही. तेवढा वेळ आम्ही दोघं एका धाग्याच्या दोन टोकांना बसलो होतो, मी उसवतेय आणि ते गुंडाळताहेत. त्या दुपारी मला फार बरं वाटलं. पुन्हा एकदा उसवावं लागलं तरी हरकत नाही असं वाटलं, पण ते मी मॅडमना सांगितलं नाही.

चौथ्या खेपेला पट्टी सरळ आली. शेवटची ओळ बंद करताना, इतक्या मेहनतीचं पुन्हा उसवायला नको म्हणून मी एकेक टाका जीव खाऊन ओढला. दोन बाजू शिवून गोल केलं आणि दुसऱ्या दिवशी मामांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवून कपाला सांगितलं, "हे डोक्यातून गळ्यात घालायचं."

मामांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून उघड्या गळ्यानं फिरायला गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. खिसा फुगलेला आणि गळा उघडा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी नवरा बूट काढत होता तोच त्याला धरलं. "आवडलं नसेल तर तसं सांगा म्हणावं! तीन आठवडे डोळे फोडलेत मी."

तो बाल्कनीत जाऊन मामांशी हळू आवाजात काही बोलला आणि परत येताना त्याचा चेहरा हसावं की नाही असा झाला होता. "अगं, ते डोक्यातून घालायचं."

"मग?"

"टोपी काढावी लागते."

"मग काढावी!"

"तुझ्यासमोर?"

मामांना मी कधीही बिनटोपीचं पाहिलं नव्हतं. रात्री डोक्यावरून घोंगडी, पहाटे मी उठायच्या आत टोपी. सुनेसमोर उघड्या डोक्यानं उभं राहायचं हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. बाथरूममध्ये जाऊन घालावं, तर आमचं बाथरूम-संडास एकच आणि पूजा झाल्यावर मामा तिकडं पाऊल टाकत नसत. बेडरूममध्ये जावं, तर मुला-सुनेच्या खोलीत ते आजवर एकदाही गेले नव्हते. उरला हॉल, आणि साडेसहाला हॉलच्या समोर बिनदाराच्या स्वयंपाकघरात मी उभी. एवढा सगळा विचार त्या माणसानं केला होता, आणि माझ्या विणकामाचा अपमान नको म्हणून ते खिशात घालून फिरवत होता.

"त्यांना म्हणावं," मी नवऱ्याला म्हटलं, आणि आत्याबाईंची आठवण होऊन माझाच आवाज बदलला, "त्यांना म्हणावं, मी पाठ फिरवून उभी राहीन. टोपी डोक्यावर आली की खाकरा. तोपर्यंत वळणार नाही."

सकाळी साडेसहाला मामा चपलांशी आले आणि खाकरले. मी भिंतीकडं तोंड केलं. मिसळणाच्या डब्यातली हळद, तिखट, मोहरी बघत राहिले. मागं कापडाचा आवाज. मग काहीच नाही. मग पायांची थोडी धडपड. खाकरणं काही येईना. मी मोहरी बघत राहिले. शब्द दिला होता.

मग लोकरीच्या आतून आवाज आला, "हूं… हूं…" आणि मग, "अगं! अगं बाई, अडाकलं!"

मी वळले. मामा दोन्ही हात वर करून हॉलच्या मधोमध उभे होते. राखाडी लोकर नाकापर्यंत येऊन बसली होती, कान दुमडून खाली दबले होते, डोळे झाकलेले, टोपी खुर्चीवर. आणि त्यांचं डोकं! भुवयांपर्यंत उन्हानं रापलेलं काळं कपाळ, आणि टोपीच्या रेषेच्या वर गोरीपान, कोवळी कातडी, तिच्यावर कापसाच्या बोंडातले असावेत तसे चार मऊ केस.

"हलू नका मामा," मी म्हटलं.

"कान वढू नको!"

"नाही ओढत. जरा खाली वाका."

जीव खाऊन ओढलेली ती शेवटची ओळ तारेसारखी झाली होती. मी दोन्ही अंगठे आत घातले, एक कान सोडवला, मग दुसरा, आणि सगळं एकदम खाली गळ्यात आलं. मामांचा लालबुंद चेहरा बाहेर आला. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. एकोणीस वर्षांत इतक्या जवळून पहिल्यांदा. आधी ते हसले. हसता हसता खोकला आला, तेव्हा मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, तोही पहिल्यांदाच. मग त्यांना टोपीची आठवण झाली आणि त्यांनी घाईनं ती डोक्यावर ठेवली.

दाराला नाही, चपलेला नाही, माझ्याकडं बघून ते म्हणाले, "हात लई घट्ट हाय तुझा."

"शिकतेय मामा."

"शिक," ते म्हणाले, आणि फिरायला गेले.

ती शेवटची ओळ मी उसवली आणि मॅडमनी सांगितलं तशी जाड सुईनं, सैल हातानं पुन्हा बंद केली. आता ते सरळ उतरायचं. पाठ फिरवण्याचा कार्यक्रम मात्र सुरूच राहिला. मामा खाकरले की मी वळायची. बागेतल्या माणसांनी हे काय म्हणून विचारलं, तेव्हा मामांनी सांगितलं म्हणे, "सुनेनं इणलंय. तिला पुस्तकातलं बी येतंय आन् हे बी." हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. मामा मला असलं कुठलं सांगायला!

संक्रांत होऊन गेली. थंडीपुरतं आलेले मामा जाण्याचं काही बोलत नव्हते आणि आम्हीही विचारलं नाही. एका सकाळी दूध तापत ठेवून मी डबा भरत होते. वळले तर मामा स्वयंपाकघरात, माझ्यापासून हातभर अंतरावर उभे. खाकरणं नाही, काही नाही. मी अशी दचकले की डबा हातातून सुटला.

"मामा! खाकरायचं तरी!"

"काय खाकरायचं," ते म्हणाले. "खाकरलं की तू वढणी घेत बसती." जरा थांबले. गळ्यातल्या लोकरीशी बोटांनी चाळा करत म्हणाले, "बाई, रातीपासनं छाती जरा भरल्यावाणी वाटतीय. तुला सांगावं म्हणलं."

दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली गळायला लागलं होतं. मी गॅस बंद केला, ते तसंच राहू दिलं आणि आधी त्यांना खुर्ची दिली.

तासाभरानं आम्ही डॉक्टरांसमोर होतो. त्यांनी सवयीनं माझ्याकडं पाहून विचारलं, "किती दिवसांपासून?"

"कालच्या रातीपासनं," मामाच बोलले. "सकाळी उठल्या उठल्या हिला सांगितलं."

डॉक्टर म्हणाले, छाती बऱ्यापैकी साफ आहे, वेळेवर आलात; आता घसा बघू, ते गळ्यातलं काढा. मामांनी डोक्यावरची टोपी काढली, माझ्या हातात दिली आणि मी ते वर ओढावं म्हणून मान खाली घातली.